एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटणारा पंपाचा शाफ्ट: एका केसचा पूर्ण हिशोब

पाण्याचा एक साधा सेंट्रीफ्युगल पंप. वर्षानुवर्षं काही कुरकुर न करता चाललेला, आणि मग अचानक त्याचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, तुटायला लागला, तोही दरवेळी अगदी त्याच जागी. शाफ्ट बदलला, तुटला. जास्त भारी स्टीलचा करून घेतला, तोही तुटला. तेव्हा मला बघायला बोलावलं. ही केस सविस्तर लिहितोय कारण शाफ्ट म्हणजे काय आणि एका मशीनचा शाफ्ट दुसऱ्यापेक्षा वेगळा कशाने होतो, हे यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे क्वचितच दिसलंय.

आधी काय झालं होतं ते सांगतो. पंप मुळात मोटरला थेट कपलिंगने, म्हणजे दोन शाफ्ट टोकाला टोक जोडणाऱ्या भागाने, जोडलेला होता, मोटर 15 किलोवॅटची, 4 पोल, फिरायची साधारण 1450 आरपीएमने. ती मोटर जळाली. हाताशी त्याच पॉवरची दुसरी मोटर होती पण 6 पोलची, म्हणजे 970 च्या आसपास फिरणारी, आणि पंप 970 वर चालवला तर प्रेशर स्पीडच्या वर्गाने पडतं म्हणजे मूळच्या 45 टक्क्यांवर येतं, त्यात काम भागणं शक्यच नव्हतं. मग बेल्ट लावायचं ठरलं. मोटरवर मोठी पुली, पंपावर 125 मिमीची छोटी पुली, व्ही बेल्ट टाकले आणि पंप परत 1450 वर आला. पाणी लगेच सुरू झालं, सगळे खूश. काही आठवड्यांनी शाफ्ट तुटला.

पहिल्यांदा सगळ्यांनी धरलं की जुना झाला होता म्हणून गेला. ईएन 8 या साध्या कार्बन स्टीलचाच नवीन शाफ्ट टर्न करून घेतला, बसवला. बेल्ट मध्येमध्ये स्लिप व्हायचे म्हणून या वेळी मोटर मागे ओढून बेल्ट आणखी ताणले. हा शाफ्ट पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर गेला. मग ‘मटेरियलच हलकं आहे’ असं ठरलं आणि तिसरा शाफ्ट ईएन 24 या जास्त ताकदीच्या अलॉय स्टीलचा, हीट ट्रीटमेंट करून. तो थोडा जास्त चालला, पण तुटला तिथेच, बेअरिंगच्या बाहेर पुली जिथे टेकते त्या पायरीवर, जिथे 40 चा व्यास उतरून 32 चा होतो.

तुटलेले तुकडे कोणी फेकले नव्हते ही सगळ्यात मोठी मेहरबानी. तुकडा ही पहिली साक्ष असते, आणि तुकडा हातात न घेता मटेरियल बदलायला जाणं मला अजिबात पटत नाही. इथे तुटलेली बाजू अक्षाला काटकोनात, जवळजवळ सपाट होती. आजूबाजूला कुठे वाकलेलं, ताणलेलं काही नाही. बाहेरच्या कडेवर सगळ्या घेराने बारीक बारीक दातेरी पायऱ्या होत्या, म्हणजे क्रॅक एका ठिकाणी सुरू न होता घेरावर अनेक ठिकाणी एकदम सुरू झाला होता. तिथून आत जाताना गुळगुळीत, चोळून चोळून चकाकी आलेला भाग आणि त्यात किनाऱ्यावर लाटांच्या रेघा राहाव्यात तशा अर्धगोल रेघा. आणि मध्याच्या जवळ, जरा एका बाजूला सरकलेला, छोटासा खरबरीत भाग, तो शेवटच्या क्षणी एकदम फाटलेला.

याचा अर्थ वाचायला फार वेळ लागत नाही. शाफ्ट पिळाने तुटला असता तर खुणा वेगळ्या असत्या. पिळाचा फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने आलेला थकवा, असेल तर क्रॅक बहुतेक वेळा 45 अंशात तिरका चढतो, आणि ठिसूळ मटेरियल पिळून तुटलं तर ते खडू पिळून तोडल्यावर दिसतं तसं गोल जिना होऊन तुटतं. इथे तसं काहीच नव्हतं. सपाट भेग, घेरभर सुरुवाती, आणि शेवटचा फाटलेला भाग इतका लहान की भार मुळात फार मोठा नव्हताच, फक्त तो लाखो वेळा आला. हा फिरत्या वाकण्याचा फटीग. पुली बसते त्या जागेवर लालसर तपकिरी पावडरही होती, म्हणजे पुलीचा हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) आणि शाफ्ट यांच्यात अगदी सूक्ष्म घासणं चालू होतं, आणि असं घासणं फटीगची ताकद आणखी खाली आणतं.

फिरतं वाकणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. बेल्ट शाफ्टला एकाच दिशेला ओढतो, समजा मोटरच्या बाजूला. ओढ जागेवर स्थिर आहे पण शाफ्ट फिरतोय. त्यामुळे शाफ्टच्या पृष्ठभागावरचा एखादा बिंदू धरलात तर तो बेल्टच्या विरुद्ध बाजूला असताना ताणला जातो आणि अर्धा फेरा झाला की दाबला जातो. दर फेऱ्याला एकदा ताण, एकदा दाब. 1450 आरपीएमने चोवीस तास चाललं तर दिवसाला 20 लाखांच्या वर चक्रं होतात. पिळाचं तसं नसतं, पंप एकसारखा चालू असला की पिळाचा ताण जवळपास स्थिरच राहतो, आणि स्थिर ताण स्टील खूप सहन करतं. उलटसुलट ताण मात्र त्याला फार कमी ताकदीवर मारतो.

हे रेल्वेला जीव जाऊन कळलं. 8 मे 1842 ला व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला आणि मोठी जीवितहानी झाली. दिसायला ठणठणीत ॲक्सल असे अचानक का तुटतात यावर स्कॉटिश इंजिनिअर रँकिनने 1843 मध्ये लिहिलं आणि ज्या पायरीवर व्यास बदलतो तिथला कोपरा तीक्ष्ण न ठेवता मोठी गोलाई द्या असंही सुचवलं. पुढे प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या व्होलरने ॲक्सल फिरवत वाकवून वर्षानुवर्षं टेस्ट केल्या आणि दाखवून दिलं की तुटण्याच्या ताकदीपेक्षा बऱ्याच कमी ताणावरही स्टील तुटतं, फक्त चक्रं पुरेशी व्हायला हवीत. आमच्या पंपावरची ती पायरी रँकिनच्या सल्ल्याच्या बरोब्बर उलट केलेली होती, त्यावर पुढे येतो.

आता आकडे. टॉर्क (पिळाचा जोर) म्हणजे 9550 गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम, म्हणजे इथे 99 न्यूटन मीटर. 32 मिमीच्या शाफ्टमध्ये यातून येणारा पिळाचा शिअर स्ट्रेस साधारण 15 एमपीए (न्यूटन प्रति चौरस मिमी), ईएन 8 साठी हे काहीच नाही. मूळ कपलिंग असताना शाफ्टला मुख्यतः एवढंच सोसावं लागत होतं, म्हणूनच तो वर्षानुवर्षं टिकला.

बेल्ट आला तेव्हा काय झालं? तोच 99 न्यूटन मीटर टॉर्क 125 च्या पुलीवर द्यायचा म्हणजे कडेला 1580 न्यूटन फरकाची ओढ लागते. पण व्ही बेल्टची सैल बाजू सुद्धा काही पूर्ण सैल नसते, त्यामुळे शाफ्टवर पडणारी एकूण ओढ ढोबळमानाने त्याच्या दुप्पट धरतात, म्हणजे 3200 न्यूटनच्या घरात. पुलीचा मध्य त्या पायरीपासून 100 मिमी बाहेर लटकत होता. म्हणजे पायरीवर 320 न्यूटन मीटर वाकवणारा मोमेंट, आणि 32 च्या व्यासात त्याचा स्ट्रेस होतो 100 एमपीए. पिळाचे 15 आणि वाकण्याचे 100, आणि हे 100 दर फेऱ्याला उलटे होणारे. वर पायरीचा कोपरा धारदार, त्याने फटीगच्या हिशोबात ताण साधारण दुप्पट धरावा लागतो, म्हणजे 200. ईएन 8 ची फटीगची मर्यादा, पृष्ठभागाची फिनिश आणि व्यास यांची कपात करून, अशा शाफ्टला 200 च्या आसपासच उरते. म्हणजे पहिला शाफ्ट अगदी काठावर होता, काही आठवडे चालला. दुसऱ्या वेळी बेल्ट आणखी ताणले, ओढ वाढली, तो लगेच गेला. ईएन 24 ची मर्यादा वर असते खरी, पण जितकं स्टील जास्त ताकदीचं तितकं ते धारदार कोपऱ्याला आणि घासण्याला जास्त हळवं, त्यामुळे मिळालेला फायदा त्यातच बराचसा गेला. आणि अजून एक गोष्ट लोक विसरतात, ईएन 8 काय आणि ईएन 24 काय, दोन्हीचा ताठपणा, म्हणजे वाकायला होणारा विरोध, जवळपास सारखाच, म्हणजे भारी स्टील घातलं म्हणून शाफ्ट कमी वाकत नाही.

मोटरचा शाफ्ट शेजारीच दिसत होता, 48 मिमीचा. तेवढ्याच पॉवरचा, तोच बेल्ट, आणि पंपाचा 32 चा. मोटर बनवणाऱ्यांनी पुलीची आडवी ओढ गृहीत धरून शाफ्ट आणि बेअरिंग दिलेलं असतं, कॅटलॉगमध्ये किती ओढ चालेल तेही देतात. पंप बनवणाऱ्याने कपलिंग गृहीत धरलं होतं. शाफ्टला कोणी हात लावला नव्हता, पण बेल्ट लावल्या क्षणी त्याचं कामच बदललं होतं, तो पिळाचा शाफ्ट राहिला नाही, मुख्यतः वाकण्याचा शाफ्ट झाला.

इथे जरा थांबून बाकीच्या मशीनकडे बघू, कारण मेंटेनन्सच्या मंडळींना मी हेच समजावत होतो आणि यात मलाही खूप रस आहे. गोल सळी सगळीकडे सारखीच दिसते पण तिला मारणारी गोष्ट दर मशीनमध्ये वेगळी. रेल्वेच्या साध्या डब्याचा ॲक्सल घ्या, चाकं त्यावर पक्की बसवलेली आणि तो चाकांबरोबर फिरतो, ब्रेक लागण्याची वेळ वगळली तर पिळ जवळपास नाही, नुसतं फिरतं वाकणं. त्याच्या अगदी उलट गाडीची प्रोपेलर शाफ्ट, तिला वाकवणारं जवळपास काही नाही, सगळा पिळ, म्हणून ती पोकळ नळी असते. पिळाचा ताण बाहेरच्या कडेला सगळ्यात जास्त आणि मध्यावर शून्य, त्यामुळे मधलं स्टील फुकट वजन. बाहेरच्या व्यासाच्या निम्म्या व्यासाचं भोक पाडलं तर वजन 25 टक्के जातं आणि पिळाची ताकद जेमतेम 6 टक्के. पण या शाफ्टचा शत्रू वेगळाच आहे, स्पीड. लांब शाफ्ट एका ठराविक स्पीडला पोटातून बाहेर फुगल्यासारखा फिरायला लागतो, त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात, आणि लांबी दुप्पट केली तर तो स्पीड चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून लांब ट्रकमध्ये प्रोपेलर शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये बेअरिंग देतात. टर्बाइनवाले तर उलट या स्पीडच्या पलीकडेच चालवतात, स्वीडिश इंजिनिअर द लाव्हालने 1880 च्या दशकात मुद्दाम बारीक, लवचीक शाफ्ट वापरून ते करून दाखवलं होतं, क्रिटिकल स्पीड पटकन ओलांडला की रोटर उलट शांत होतो.

गाडीचं मागचं चाक फिरवणारा हाफ शाफ्ट घेतला तर एकाच भागाचे दोन स्वभाव दिसतात. छोट्या गाड्यांमध्ये सेमी फ्लोटिंग, म्हणजे गाडीचं वजनही तोच पेलतो आणि पिळही. जड ट्रकमध्ये फुल फ्लोटिंग, वजन हाउसिंगवर बसलेल्या बेअरिंगवर जातं आणि शाफ्ट फक्त पिळ देतो, त्यामुळे चाक जागेवर ठेवून शाफ्ट बाहेर काढता येतो. आमच्या केसचा उपाय समजायला हे उदाहरण फार कामाचं आहे.

लेथच्या स्पिंडलमध्ये ताकदीचा प्रश्नच सहसा येत नाही, तिथे प्रश्न किती वाकतो हा, कारण काही मायक्रॉन वाकला तरी जॉबचं माप गेलं. म्हणून तो जाड, आखूड, भक्कम बेअरिंगवर, आणि मध्ये बार घालायला पोकळ. क्रँकशाफ्टमध्ये वाकणं आणि पिळ दोन्ही, आणि दोन्ही बदलते, म्हणून जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्यातली गोलाई रोलरने दाबून घट्ट करतात. जहाजाच्या प्रोपेलर शाफ्टवर पिळाच्या जोडीला ढकल असते, अख्खं जहाज पुढे ढकलणारं बळ त्याच शाफ्टमधून थ्रस्ट ब्लॉकला, म्हणजे ती ढकल घेणाऱ्या बेअरिंगला, जातं. खोल बोअरमधल्या लाइन शाफ्ट पंपात शाफ्ट वरून लटकलेला असतो आणि पाण्याच्या दाबाने खाली ओढला जाऊन लांबतो, म्हणून इम्पेलर (पाणी फेकणारं चक्र) वर किती उचलून ठेवायचा ते ॲडजस्ट करावं लागतं.

आता परत आमच्या पायरीकडे. टर्नरने तिथे टूलची टोकदार धार घालून कोपरा अगदी काटकोनात काढला होता. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला सांगितलं होतं की पुलीचा हब पायरीला पक्का टेकला पाहिजे, आणि कोपऱ्यात गोलाई ठेवली तर हबची कड त्या गोलाईवर चढते आणि हब टेकत नाही. भरीला कीवे, म्हणजे पुली अडकवणाऱ्या किल्लीची खाच, कापताना तो पायरीला लागेपर्यंत नेला होता, म्हणजे दोन वाईट जागा एकावर एक. जुना, कंपनीतून आलेला शाफ्ट मोजला तर त्यावरही गोलाई फारशी नव्हती, पण कीवे निदान पायरीपासून लांब संपत होता. कपलिंगच्या कामाला ते चालून गेलं होतं.

व्यास वाढवा हा पहिला सल्ला सगळे देतात, आणि तो चुकीचा नाही. ताकद व्यासाच्या घनाने वाढते, 32 चा 36 केला तर 40 टक्क्यांच्या वर फायदा. पण पायरीपलीकडे 40 चं बेअरिंग आहे, आणि मोठा व्यास केला की पायरी जवळजवळ संपते आणि हबला टेकायला जागा उरत नाही. म्हणून तो मार्ग सोडला.

माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे 4 पोल मोटर आणून परत कपलिंग लावणं, हे मी स्पष्ट सांगितलं. दुसरा चांगला उपाय जॅकशाफ्ट, पुली स्वतःच्या दोन बेअरिंगवरच्या वेगळ्या शाफ्टवर ठेवायची आणि तिथून लवचीक कपलिंगने पंपाला फक्त पिळ द्यायचा. ट्रकच्या फुल फ्लोटिंग ॲक्सलचाच विचार, आडवी ओढ एकाने खायची, पिळ दुसऱ्याने न्यायचा. पण मोटर लगेच मिळत नव्हती आणि जॅकशाफ्टला फाउंडेशनवर जागा नव्हती. मग उरला तो उपाय म्हणजे ओढच कमी करणं.

पुली 125 ची 200 केली, आणि त्या प्रमाणात मोटरवरची 300 च्या जवळ. यावर लगेच आक्षेप आला की पुली मोठी म्हणजे जड, शाफ्टवर जास्त भार. ऐकायला बरोबर वाटतं. पण हिशोब करा, तोच टॉर्क मोठ्या त्रिज्येवर दिला की कडेची ओढ 1580 वरून 990 न्यूटनवर येते, एकूण ओढ 3200 वरून 2000 वर. 1200 न्यूटन वाचले आणि पुलीचं वाढलेलं वजन फार तर काही किलो, म्हणजे शंभर न्यूटनच्या आतबाहेर. शिवाय छोट्या पुलीवर बेल्टला पकड कमी, म्हणूनच तो स्लिप व्हायचा आणि म्हणूनच त्याला जास्त ताणलं जायचं, ते दुष्टचक्रही मोडलं. बेल्टचा स्पीड 15 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास गेला, बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) पुलीला तो आरामात चालतो.

मग पुली उलटी केली. जुनीचा हब बाहेरच्या बाजूला निघालेला होता, नवीन अशी घेतली की बेल्टचा भाग बेअरिंगच्या कव्हरवर येईल, त्यामुळे लटकणारं अंतर 100 वरून 60 मिमी झालं. 2000 न्यूटन गुणिले 60 मिमी म्हणजे 120 न्यूटन मीटर. स्ट्रेस 100 वरून 37 एमपीए. एवढ्यानेच काम झालं असतं, तरी कोपऱ्याचं केलंच. पायरीला 2.5 मिमीची गोलाई दिली, पॉलिश केली, आणि हब टेकावा म्हणून हब आणि पायरी यांच्यात एक रिंग घातली जिच्या भोकाच्या कडेला मोठा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) आहे, ती गोलाईला शिवतच नाही. हे रिंगचं काम इतकं साधं आहे की प्रत्येक टर्नरला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. कीवे पायरीपासून लांब थांबवला आणि टोकाला डिस्क कटरने उथळ निघणारा केला, एंड मिलने सरळ भिंत न ठेवता. मटेरियल परत ईएन 8.

बेल्टचा ताण आता अंगठ्याने दाबून ठरवायचा नाही, स्पॅनच्या मध्यावर ठराविक जोराने किती दबतो ते मोजून ठरवायचा, तक्ता मोटरजवळच लावलाय. नवीन बेल्ट थोडं चालल्यावर बसतात आणि सैल होतात, तेव्हा एकदा परत बघायचं, त्यानंतर ऊठसूट ताणायचं नाही.

नंतर बेअरिंगमध्येही फरक दिसला, ज्याकडे आधी कोणाचं लक्ष नव्हतं. पुलीच्या बाजूचं बेअरिंग हाताला चटका बसेल इतकं गरम व्हायचं, ते आता कोमट असतं. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणात असतं, भार निम्मा केला तर आयुष्य आठपट, त्यामुळे ओढ कमी करण्याचा फायदा फक्त शाफ्टलाच मिळत नाही. ठरलेल्या शटडाउनला पुली काढून पायरीवर डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणारा रंग, मारून बघितलं, कुठेही रेघ नाही, लाल पावडरही नाही.

स्टोअरमध्ये त्या जुन्या ड्रॉइंगने केलेला एक तयार शाफ्ट पडून होता, धारदार कोपऱ्याचा. कोपऱ्यात गोलाई घालून तो वापरू असं कोणी म्हणालं, पण त्याचा कीवे पायरीला भिडलेला होता त्यामुळे तो स्क्रॅप केला. ड्रॉइंगवर आता गोलाईचं माप, रिंगचं माप आणि कीवे कुठे थांबवायचा हे लिहिलंय, आणि खाली एक ओळ की हा शाफ्ट 200 मिमीपेक्षा लहान पुलीला वापरू नये.